हॉरर मंगा दुसऱ्याला सुचवायची रीत

“एखादी जबरदस्त हॉरर मंगा सांग ना,” असं कोणी विचारलं (मंगा म्हणजे जपानी कॉमिक) की बहुतेक जण स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेलं नाव सांगून मोकळे होतात. ऐकणारा ते पुस्तक मागवतो, चाळीस पानांवर थांबतो आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून तो अख्खा प्रकारच सोडून देतो. पुस्तक चांगलं असतं, वाचकही चांगला असतो. दोघांची गाठ चुकीच्या वेळी घालून दिलेली असते.

तुम्ही दोन-चार हॉरर मंगा किंवा कॉमिक वाचले असतील आणि आता अभ्यासिकेतल्या मित्राला, मावसबहिणीला किंवा वाचनालयातल्या ओळखीच्या वाचकाला काही सुचवायचं असेल, तर पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: समोरच्याला काय सोसत नाही ते आधी विचारायचं, नाव मग सांगायचं.

पायरी १: नाव सांगण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारा: “तुला काय अजिबात बघवत नाही?” ‘कशाची भीती वाटते’ असं विचारलं की लोक हमखास ‘कशाचीच नाही’ म्हणतात. ‘बघवत नाही’ म्हटलं की खरं उत्तर येतं. कोणी रक्त म्हणतं, कोणी अळ्या, कोणी डोळ्याला झालेली इजा, कोणी कातडीवरची बारीक बारीक भोकं, कोणी लेकरांचे हाल, कोणी बाळंतपण. हे उत्तर लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी दुसरं पुस्तक सुचवताना ते आठवत नाही, आणि नेमकी तिथेच चूक होते.

मराठवाड्यात दोन गोष्टींची विचारणा कधीच वगळू नका. पहिली गळफासाची. शेतकरी आत्महत्येने इथल्या कितीतरी घरांतला माणूस नेला आहे, आणि समोरचा ते आपणहून बोलेलच असं नाही. जुंजी इतो या जपानी मंगा-चित्रकाराची लटकत्या फुग्यांची एक कथा जगभर वाखाणली जाते: आकाशात माणसांच्याच चेहऱ्याचे प्रचंड फुगे तरंगतात आणि प्रत्येकाच्या खाली फास लोंबतो. ‘शिव्हर’ या संग्रहात ती आहे. संग्रह देताना अनुक्रमणिकेत त्या कथेपुढे पेन्सिलीने फुली मारा आणि सांगा, “ही सोडली तरी बाकीच्यांचं काही अडत नाही.” खरंच अडत नाही, कारण संग्रहातली ती स्वतंत्र कथा आहे. घरच्यांची चौकशी मात्र करायची नाही. “यात फास दाखवलाय, चालेल का?” एवढंच पुरे.

दुसरी गोष्ट भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांवर जे कोसळलं, ते औसा-उमरगा भागातल्या घराघरांत अजून सांगितलं जातं. मिनेतारो मोचिझुकीची ‘ड्रॅगन हेड’ ही मंगा कोसळलेल्या बोगद्यात अडकलेल्या रेल्वेगाडीत सुरू होते. सहलीहून परतणारी शाळकरी मुलं, आजूबाजूला प्रेतं आणि मिट्ट काळोख. फार ताकदीचं काम आहे, आणि म्हणूनच ते कोणाच्या हातात देतोय हे बघून द्यायला हवं.

दुसरा प्रश्न वेळेचा. एका बैठकीत संपणारी कथा हवी, की उन्हाळाभर पुरणारी मालिका? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला दहा खंडांची मालिका देणं म्हणजे एक तर त्याचा अभ्यास बुडवणं, नाही तर मालिका.

तिसरा प्रश्न इंग्रजीचा. जपानी मंगा आपल्याकडे बहुतांशी इंग्रजी भाषांतरातूनच वाचली जाते, हे धरून चाला. समोरचा इंग्रजी अडखळत वाचत असेल तर कमी शब्दांची, चित्रांवर चालणारी मंगा निवडायची. त्याला कमी समजेल म्हणून नव्हे. दर वाक्याला शब्दकोश उघडावा लागला की भीती साचतच नाही, म्हणून.

चौथा प्रश्न विचित्र वाटेल, पण सगळ्यात जास्त घोळ याच्यामुळेच होतात: पुस्तक घरात कुठे ठेवणार आणि कोणाच्या हाती लागेल? ‘कॉमिक म्हणजे पोरांचं’ हा समज आपल्याकडे घट्ट आहे. बाजेवर पडलेलं काळंपांढरं चित्रांचं पुस्तक सात वर्षांचं लेकरू उचलणार, हे गृहीतच धरा. अमेरिकेतली व्हिझ ही प्रकाशनसंस्था मागच्या कव्हरवर वयाची खूण छापते: ‘टी’ म्हणजे साधारण तेरापासून पुढे, ‘टी प्लस’ म्हणजे सोळापासून, ‘एम’ म्हणजे अठरापासून. ही खूण रक्त, नग्नता आणि हिंसा यांच्या हिशेबाने दिलेली असते. वाचणाऱ्याची झोप किती उडेल ते त्यातून कळत नाही. म्हणून खूण बघा, पण तिच्यावर विसंबू नका.

पायरी २: भीतीचा प्रकार ओळखा

हॉरर हा एकच डबा नाही. उत्तरं मिळाली की समोरच्याला यातलं कुठलं दार उघडून द्यायचं ते ठरवा.

ज्याला आजीकडून मुंजा, हडळ, चकवा, सातीआसरा ऐकत मोठं व्हायला मिळालं, त्याला जपानी योकाई लगेच आपले वाटतात. योकाई म्हणजे भुतं, पिशाच्चं, जलचर आणि झपाटलेल्या वस्तू यांचा अख्खा गोतावळा. शिगेरु मिझुकी यांची ‘कितारो’ ही त्यासाठी सर्वांत सोपी पायरी. त्यातल्या मुलाचा बाप म्हणजे हातपाय फुटलेला एक डोळा! भीती हलकी, गंमत भरपूर. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही देता येते. मिझुकी दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते, तिथे त्यांचा डावा हात गेला आणि पुढची सगळी चित्रं त्यांनी एका हाताने काढली. ‘चांदोबा’तला विक्रम-वेताळ ज्यांच्या डोक्यात पक्का बसलाय त्यांना हा घरचाच माणूस वाटेल.

गाव, डोंगर, ओळखीच्या माणसात शिरलेलं काहीतरी अनोळखी, ही भीती हवी असेल तर मोकुमोकुरेन यांची ‘द समर हिकारू डाइड’. २०२१ पासून ती येऊ लागली. डोंगरात हरवून परत आलेला मित्र खरा मित्र नाही, हे दुसऱ्याला कळलेलं आहे आणि तरी तो त्याला सोडत नाही. संथ आहे. ‘पुढे काय होतं, पुढे काय होतं’ म्हणणाऱ्याला ती देऊ नका. दुपारच्या सामसूम गावाची ज्याला ओळख आहे त्याला द्या.

शरीर बिघडण्याची भीती हा जुंजी इतोचा प्रांत. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या तंत्रज्ञाचं काम करता करता त्यांनी १९८७ मध्ये ‘तोमिए’ने सुरुवात केली. शरीराची रचना ते इतक्या बारकाईने का काढतात, याचं एक उत्तर त्या कामात असावं असं वाटतं. ‘उझुमाकी’ १९९८-९९ मधली; एका गावाला सर्पिलाकृतीचं, म्हणजे वेटोळ्याचं वेड लागतं. वेटोळं ही मुळात भीतिदायक वस्तूच नाही, आणि तीच या पुस्तकाची ताकद. खोल बारवेच्या काठावर उभं राहून पायऱ्यांवरून नजर तळापर्यंत घसरत गेलेली ज्याला आठवते, त्याला समजावून सांगायची गरज पडणार नाही. पण त्यात दवाखान्यातल्या गर्भवती बायकांची प्रकरणं आहेत. घरात बाळंतपण होऊ घातलं असेल तर हे पुस्तक वर्षभर पुढे ढकला. ‘ग्यो’ त्याहून किळसवाणी: पाय फुटलेले मासे आणि सडक्या वासाने फुगलेली शरीरं. जेवताना वाचणाऱ्याला तर अजिबात नको.

तहान, भूक आणि माणसं माणसांना काय करतात याची भीती काझुओ उमेझु यांच्या ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’मध्ये आहे. ती १९७२ ते १९७४ या काळात आली. अख्खी शाळा उचलली जाऊन ओसाड, निर्जल जगात पडते आणि मोठी माणसं मुलांच्या आधी कोलमडतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या वाचकाला यातली पाण्याची मोजणी वेगळीच लागते. लहान मुलांचे मृत्यू मात्र यात एकामागून एक आहेत. चित्रशैली जुनी आहे, चेहरे सारखे ओरडत असतात. पहिली तीस पानं हसू येऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

मनातल्या भीतीसाठी शुझो ओशिमी यांची ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’. आई आणि मुलगा, बाकी काही नाही. शब्द फार कमी, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी चालते. पण सतरा खंड आहेत, आणि घरात आईशी ताण असलेल्याला ती फार लागते.

कृती, कथानक आणि थोडा विचारही हवा असेल तर हितोशी इवाआकी यांची ‘पॅरासाइट’. मुलाच्या उजव्या हातात परजीवी शिरतो आणि त्याच्याशी बोलू लागतो. रक्त आहे, पण गोष्ट धावती आहे, पूर्ण झालेली आहे आणि शेवट समाधान देतो. ‘मला हॉरर नको’ म्हणणाऱ्यांनाही ही बहुधा चालते.

अमेरिकन बाजूला जायचं तर जो हिल आणि गॅब्रिएल रॉड्रिगेझ यांची ‘लॉक अँड की’: सहा खंड, गोष्ट पूर्ण. सुरुवातीलाच घरात शिरून बापाचा खून होतो, हे सांगून मगच द्या. ‘द वॉकिंग डेड’चे १९३ अंक आहेत, नवख्याला ती सुचवणं म्हणजे विहीर बांधायला सांगणं. डावीकडून उजवीकडे वाचायचं, रंगीत, बारीक आणि देखणं काही हवं असेल तर एमिली कॅरल यांचं २०१४ चं ‘थ्रू द वूड्स’. त्यांची ‘हिज फेस ऑल रेड’ ही कथा २०१० पासून इंटरनेटवर मोफत आहे, दहा मिनिटांत होते. हिंदी सहज वाचणाऱ्याला राज कॉमिक्सच्या थ्रिल-हॉरर-सस्पेन्स मालिकेचे जुने अंक जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर शोधायला सांगा. भाषेचा अडसर राहत नाही आणि चित्र वाचायची सवय लागते.

हिदेशी हिनो यांची ‘पॅनोरमा ऑफ हेल’ आणि तशी कामं पहिल्या वर्षात कोणालाच देऊ नका. स्वतःच्या रक्ताने चित्रं काढणारा चित्रकार त्यात आहे. ती अनुभवी वाचकासाठी आहेत, आणि तोसुद्धा आपणहून मागेल तेव्हा.

पायरी ३: पहिला घास लहान ठेवा

कोणत्याही प्रकारातलं सगळ्यात मोठं पुस्तक पहिल्यांदा देऊ नये. तीस-चाळीस पानांची एक कथा द्या आणि उत्तराची वाट बघा.

सुरुवातीसाठी चांगल्या चाललेल्या तीन कथा, तिन्ही इतोच्याच. एक, मुख्य खांबाची कथा: फक्त चार पानं. घराच्या मुख्य खांबाखाली बाप अडकलेला सापडतो आणि ‘खांब उचलू नका, घर पडेल’ असं सांगतो. रक्त नाही, भूत नाही. माळवदाच्या घरात, वाड्यात वाढलेल्या माणसाला खांबाचं महत्त्व सांगावं लागत नाही. ही ‘व्हीनस इन द ब्लाइंड स्पॉट’ या संग्रहात मिळते. दोन, ‘शिव्हर’मधली लांबत जाणाऱ्या स्वप्नाची कथा: एका रुग्णाचं एका रात्रीचं स्वप्न आधी दिवसांएवढं, मग वर्षांएवढं आणि मग त्याहूनही लांब वाटू लागतं. कल्पनेची भीती आहे, किळस कमी. तीन, अमिगारा प्रस्तरभंगाची कथा: भूकंपाने उघड्या पडलेल्या कड्यावर माणसाच्या आकाराची भोकं दिसतात आणि प्रत्येकाला वाटतं, यातलं एक भोक आपल्यासाठीच आहे. भोकांचं ज्याला सोसत नाही आणि ज्याने भूकंप पाहिलाय, त्या दोघांना ही नको; बाकी कोणालाही द्या. हीसुद्धा त्याच ‘व्हीनस’ संग्रहात आहे, शिवाय ‘ग्यो’च्या शेवटीही जोडलेली असते. या एका कथेसाठी ‘ग्यो’ घ्यायला लावू नका.

खांबाची कथा आवडली तर वाचकाला संयत भीती चालते. पुढे ‘हिकारू’कडे न्या. स्वप्नाची आवडली तर ‘उझुमाकी’ पेलेल. भोकांची वाचून “अजून असंच दे” म्हणाला, तर तो इतोचा वाचक झाला, त्याची काळजी सोडा.

इंग्रजी फारच अडत असेल तर मासाआकी नाकायामा यांची ‘पीटीएसडी रेडिओ’ बघा. छोटे छोटे तुकडे, शब्द मोजके, प्रकरणांना रेडिओच्या फ्रिक्वेन्सीची नावं. तिला नीट शेवट नाही, एवढं मात्र आधीच सांगा.

पायरी ४: वाचायची दिशा शिकवा

मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. तरी हातात आल्यावर निम्मे लोक चुकतात, कारण पान उलटायची दिशा बदललेली कळते, पण पानाच्या आतली चौकटींची आणि संवादांच्या फुग्यांची दिशाही बदललेली असते हे कोणी सांगितलेलं नसतं. पुस्तक द्यायच्या वेळी एक पान उघडा, वरच्या उजव्या चौकटीवर बोट ठेवा, डावीकडे सरका, मग खालच्या ओळीत परत उजवीकडे या. चौकटीच्या आतही उजवीकडचा फुगा आधी. असं तीन पानं समोरच्याकडूनच बोट फिरवून घ्या. पाच मिनिटं लागतात. संभाजीनगर, नांदेड, परभणीकडच्या उर्दू वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे करावंच लागत नाही. पुस्तक उजवीकडून उघडणं त्यांच्या हाताला ठाऊकच असतं. गटात असं कोणी असेल तर नवख्यांना दिशा शिकवायचं काम त्यांना द्या.

दिशा चुकली तर काय बिघडतं? हॉरर मंगात पान उलटणं हा गोष्टीचाच भाग असतो. समोरासमोरच्या दोन पानांत उजवं पान आधी, डावं नंतर. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यातली शेवटची चौकट तुम्हाला थांबवते: कोणीतरी दार ढकलतंय, कोणाची तरी नजर वर जातेय. पान उलटलं की नव्या उजव्या पानावर ते ‘काहीतरी’ उभं असतं. चुकीच्या बाजूने चाळणाऱ्याला हा धक्का आधीच दिसून जातो आणि मग तो म्हणतो, “यात भीती कुठाय?” म्हणून चाळायचं नाही, हेही सांगा. पुस्तक हातात घेतलं की आपण सगळेच फर्रकन पानं सोडतो. हॉरर मंगाला ती सवय मारते.

फोनवर वाचणाऱ्यासाठी तीन सेटिंग बघून द्या. पान उजवीकडून डावीकडे उलटण्याचा पर्याय चालू हवा. एका वेळी एकच पान दिसायला हवं, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की फोन आडवा करायचा. पडद्याचे रंग उलटे करणारा रात्रीचा पर्याय बंद ठेवायचा, कारण काळा आणि पांढरा यांची अदलाबदल झाली की अंधारच उजळतो. कोरियन वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची कॉमिक, हा वेगळा प्रकार, तो वरून खाली सरकवत वाचतात. तिथे पान उलटण्याऐवजी चित्रांमधली लांबलचक रिकामी जागा तुम्हाला ताणते. ‘स्वीट होम’ आणि ‘बास्टर्ड’ या दोन्ही त्यासाठी बघाव्यात. भरभर बोट फिरवणाऱ्याला तिथलाही धक्का लागत नाही.

आवाजांबद्दल एक. भाषांतरात बऱ्याचदा जपानी ध्वनिशब्द चित्रातच ठेवतात आणि कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत अर्थ देतात. नवखे ते वगळतात. मंगात शांततेचासुद्धा लिहिलेला आवाज असतो: ‘शीऽऽन’. आपण ‘चिडीचूप’ म्हणतो तसं. रिकाम्या खोलीच्या चित्रावर तो शब्द दिसला की कान टवकारायला सांगा.

पायरी ५: चिठ्ठी लिहा

हे आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटतं. पुस्तक देताना कव्हरच्या आत पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी ठेवा. चारच ओळी:

पहिली ओळ, गोष्ट कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, पहिल्या प्रकरणापलीकडचं काहीही न सांगता.
दुसरी, किती खंड, संपली की चालू, साधारण किती बैठका.
तिसरी, कोणाला सोसणार नाही.
चौथी, कुठे थांबता येईल.

‘उझुमाकी’साठी ती अशी होईल: “एका गावाला वेटोळ्यांचं वेड लागतं. एकच जाड पुस्तक, संपलेली, चार-पाच बैठका. शरीर वळणं-बिघडणं, गोगलगायी, दवाखान्यात गर्भवती बायका. रक्त काही प्रकरणांत बरंच. सुरुवातीची प्रकरणं सुटी सुटी आहेत, त्यातल्या कोणत्याही नंतर थांबलास तरी चालेल. शेवटाकडची सलग वाच.”

तिसऱ्या ओळीत लोक दोन चुका करतात. एक, ‘खूप भयानक आहे, सांभाळून’ असं मोघम लिहितात. त्यातून काहीच कळत नाही, उलट वाचक पैज लावल्यासारखा वाचायला बसतो. वस्तूचं नाव लिहा: अळ्या, फास, मुलाचा मृत्यू. दुसरी चूक, सावध करता करता कोणाचं काय होतं तेच सांगून टाकतात. ‘कुत्रा मरतो’ असं लिहू नका, ‘प्राण्याला इजा आहे’ असं लिहा. कोणता प्राणी, कधी, कसा ते वाचकाला कळू द्या.

व्हॉट्सॲपवर सुचवताना याच चार ओळी टाका. सोबत चित्र टाकायचंच असेल तर फक्त कव्हर. आतलं सगळ्यात भारी पान टाकायचा मोह फार होतो, आणि ते पान नेमकं उलटल्यानंतरचं उजवं पान असतं. ते एकदा गटात पाहिलं की पुस्तकातला तो क्षण गेला. शिवाय गटात कोण कोणाच्या लेकराला फोन देऊन बसलंय ते तुम्हाला दिसत नसतं.

एका वेळी एकच नाव द्या, फार तर दोन. दहा नावांची यादी मिळालेला माणूस एकही वाचत नाही. आणि तुलना जपून: ‘नारायण धारपांसारखं आहे’ म्हटलं की वाचक भाषेची, वातावरणाची अपेक्षा घेऊन येतो, मंगा ते काम चित्राने करते. तुलना करायचीच तर एका गुणापुरती करा, जसं ‘रत्नाकर मतकरींच्या कथेसारखी साध्या घरात सुरू होते’.

भीतीच्या खुणा गावागणिक बदलतात, म्हणून एखादं वाक्य संदर्भाचंही जोडा. अमावस्या म्हटलं की कोणाच्या अंगावर काटा येतो, पण लातूर-धाराशिवच्या माणसाला आधी वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील आठवते. तसंच जपानमध्ये भुताच्या गोष्टींचा मोसम म्हणजे ऐन उन्हाळा, पितरांचे दिवसही तिथे बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये येतात. हे माहीत असलं की मंगात भर उन्हात, रातकिड्यांसारख्या सिकाडांच्या कलकलाटात भूत का येतं ते कळतं. आकडा चार तिथे अशुभ, कारण त्याचा उच्चार ‘मृत्यू’च्या उच्चारासारखा. एवढ्या दोन गोष्टी पुरेत, प्रस्तावना लिहू नका.

पायरी ६: नेमकी कोणती प्रत

अर्धवट नाव सांगितलं की माणूस चुकीची प्रत मागवतो. त्याच पुस्तकाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. ‘उझुमाकी’ आधी तीन सुट्या खंडांत होती, आता एका जाड पुस्तकात मिळते. ‘ड्रिफ्टिंग क्लासरूम’ जुनी अकरा खंडांची, नवी तीन जाड खंडांची. ‘पॅरासाइट’ जपानीत दहा खंड, इंग्रजीत आठ. ‘तिसरा खंड दे’ म्हणणाऱ्याच्या हातात कोणत्या आवृत्तीचा दुसरा आहे ते आधी विचारा, नाहीतर मधलाच भाग हरवतो.

ऑनलाइन बाजारात नकली छापील प्रतीही सर्रास फिरतात. किंमत इतरांपेक्षा फारच खाली असेल तर थांबा. हातात आल्यावर ओळखायचं कसं: काळा रंग करडा दिसतो, बारीक रेषा एकमेकींत मिसळतात, करड्या ठिपक्यांच्या जागी लाटांसारखी जाळी दिसते, शिवणीकडचे शब्द कापले जातात. इतोची चित्रं बारीक रेषांवरच उभी असल्यामुळे नकली प्रतीत कातडीचा पोत जातो आणि नुसता काळा डाग उरतो. चोरीच्या साइटवरच्या चित्रांचंही तेच. पैसे नसतील तर शुएशा या जपानी प्रकाशनसंस्थेच्या ‘मंगा प्लस’ ॲपवर मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं मोफत असतात, वेबटूनवरही बरंच मोफत आहे. तेवढ्यात आवड कळते.

जाड पुस्तक मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने शिवणीचा गोंद खराब होतो आणि मधली पानं सुटतात. नवं पुस्तक एकदम मधोमध मोडू नका, दोन्ही बाजूंनी वीस-वीस पानं उघडत आत या. काळ्या पानांवर तेलकट बोटांचे ठसे कायमचे राहतात, तेव्हा शेंगदाणे बाजूला.

पायरी ७: परत आल्यावर

“आवडलं का?” असं विचारू नका, भिडेखातर ‘हो’ येतं. “कुठे थांबलास?” असं विचारा. पूर्ण वाचलं नसेल तर पान नंबर घ्या आणि त्या पानावर काय आहे ते स्वतः उघडून बघा. किळस आली म्हणून थांबला, कंटाळा आला म्हणून थांबला, की खरंच भीती वाटली म्हणून थांबला, यावर पुढचं नाव ठरतं. किळस असेल तर शरीराच्या भीतीपासून दूर, योकाईकडे वळा. कंटाळा असेल तर वेग वाढवा, ‘पॅरासाइट’ द्या. भीतीने थांबला असेल तर पुस्तक परत घेऊ नका. महिनाभर त्याच्याकडेच राहू द्या, अर्धे जण दुपारच्या उजेडात ते पूर्ण करतात. झोप लागत नाही, तीच चित्रं डोळ्यांसमोर येतात असं कोणी म्हणालं, तर मात्र लगेच घेऊन या आणि काही दिवस दुसरं काहीच सुचवू नका. इतोनेच स्वतःच्या घरातल्या मांजरांवर काढलेली ‘योन अँड मू’ ही गमतीची मंगा अशा वेळी चांगली: रेषा तीच, भीती नाही.

त्याच चिठ्ठीच्या मागे वाचकाने थांबलेलं पान आणि कारण एका ओळीत लिहून घ्या, नाव नको. पुस्तक पुढच्या माणसाकडे जाईल तेव्हा चिठ्ठीही सोबत जाऊ द्या.